परिटाचं उजवं शिंग

रेमिकनं त्या दिवशी दुकानात तोंड उघडलं नसतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाला आमच्या ओल्शान्कात आजारी समजतात. त्यात रेमिक बाहेरचा. सानोकमध्ये शिकलेला, लग्न करून डोंगरात आलेला, शाळेची बस चालवणारा. दोन वर्षं झाली तरी गावात त्याला नाव नव्हतं, ‘वालेन्तीचा जावई’ एवढीच ओळख. अशा माणसाला चार लोकांत काहीतरी ठसठशीत बोलून दाखवायची फार हौस असते.

बायकोनं, म्हणजे बोग्नानं, त्याला यीस्ट आणायला धाडलं होतं. दुकानात गेनोवेफाबाई यंत्रावर पाव कापत होत्या. रांगेत पुढे झेनेक उभा होता. झेनेककडे चारचाकी फटफटी आहे, बारी नावाचं कुत्रं आहे आणि कुठल्याही विषयावर मत आहे.

“परीट संपला म्हणे,” झेनेक म्हणाला. परीट म्हणजे आमच्या डोंगरातला हरणाचा नर. “लांडग्यांनी धरला. पंधरा दिवसांत कुणाला दिसला नाही.”

“वय झालं होतं त्याचं,” मागून कोणीतरी म्हणालं.

“वालेन्तीकाका यंदा एकाच शिंगावर रडणार. डावं मिळालंय त्यांना, उजवं लांडग्यांनी दात कोरायला नेलं.”

रांग हसली. रेमिकला ते हसणं सोसलं नाही. सासऱ्याची बाजू घ्यायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच चालून आली होती.

“मेला? कोण म्हणतं मेला?” तो म्हणाला. “काल दुपारी बस उभी करून या डोळ्यांनी पाहिलाय. उजवं शिंग डोक्यावर तसंच आहे. मेरीच्या देवळीच्या वर, स्प्रूसच्या कोवळ्या झाडांच्या दाटीत उभा होता. राजासारखा!”

पाव कापायचं यंत्र थांबलं. रांगेतलं हसणंही थांबलं. झेनेक सावकाश वळला आणि कधी नव्हे इतक्या गोड आवाजात बोलला.

“देवळीच्या वर म्हणजे ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, मित्रा?”

“तुझं यीस्ट,” गेनोवेफाबाईंनी पुडी त्याच्या छातीवर जवळजवळ आपटली. “घे आणि नीघ, सानोककर. आणखी काही सांगायचं राहिलं असेल तर घरी जाऊन उशीला सांग.”

बाहेर येईपर्यंत रेमिकला आपण काय केलं ते कळलं. मार्चच्या सुमारास हरणाच्या नराची शिंगं आपोआप गळतात, आधी एक, मग चार-सहा दिवसांनी दुसरं. राहिलेलं शिंग तेव्हा हलत्या दातासारखं असतं. धीर धरला तर ते कुठेतरी पडतंच. पण धीर ही वस्तू गेनोवेफाबाईंच्या दुकानात मिळत नाही. म्हणून काहीजण कुत्रं आणि फटफटी घेऊन नराच्या मागे लागतात, त्याला दाटीतून, खड्ड्यांवरून, तारांवरून पळवतात, की धक्क्यानं शिंग सुटावं. याला गावात ‘डोकं हलकं करणं’ म्हणतात. कोणी मारणं म्हणत नाही. हिवाळाभर साली कुरतडून जगलेलं जनावर असं तासभर पळालं, की संध्याकाळी बर्फात बसतं आणि सकाळी उठत नाही. पण तोवर शिंग घरी आलेलं असतं, आणि बर्फात बसलेल्याचं पाप लांडग्यांच्या नावावर जातं.

त्यातून हा परीट. म्हातारा, मागच्या डाव्या पायानं लंगडा. आणि वालेन्तीचा.

म्हणजे मालकीचा नव्हे. वालेन्तीनं चाळीस वर्षं घोड्यानं जंगलातले ओंडके ओढले. एक ओंडका उलटा घसरला आणि त्याचा गुडघा घेऊन गेला. तेव्हापासून म्हातारा हिवाळ्याच्या शेवटी डोंगरात फिरायचा, गळालेली शिंगं वेचायचा, त्यांच्या सुऱ्यांच्या मुठी आणि कोटाची बटणं करून विकायचा. बारा वर्षांपूर्वीच्या शरदात एक तरुण नर अंगणात सफरचंदं खायला आला. वालेन्तीच्या बायकोनं, हेलेनानं, दोरीवर कपडे वाळत घातले होते. नर भेदरून उधळला तो दोरी शिंगांत गुंडाळून, आणि दोरीबरोबर दोन मोजे व एक नवी कोरी चादर घेऊन गेला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची चादर! पुढच्या मार्चमध्ये वालेन्तीला ओढ्याकाठी एक शिंग मिळालं, त्याला दोरीचे तीन वेढे तसेच. मोजेही नाहीत, चादरही नाही. गावानं नराचं नाव परीट ठेवलं ते तेव्हापासून. हेलेना मरेपर्यंत नवरा जंगलातून परत आला, की पहिलं विचारायची, “शिंगाचं राहू द्या, चादर मिळाली का?”

दोरीवालं ते शिंग कोठीच्या भिंतीवर पहिलं लागलं. त्यानंतर दरवर्षी एक जोडी. खाली सुतारी पेन्सिलीनं वर्ष. भंगारासारखी वजनावर शिंगं घेणारा व्यापारी दर वसंतात येतो आणि भिंतीकडे बघून जिभल्या चाटतो. वालेन्ती त्याला चहा देतो आणि दारापर्यंत पोचवतो.

वालेन्तीचे नियम होते, आणि ते तो दुसऱ्यांनाही ऐकवायचा, म्हणून लोक त्याच्यावर वैतागायचे. कुत्रं न्यायचं नाही. लहान शिंगं उचलायची नाहीत, ती उंदरांची आणि खारींची. त्यांना दात घासायला काहीतरी हवं. उघड्या माळावर, बागेत पडलेलं केव्हाही उचला, पण सेंट योसेफच्या सणाआधी, म्हणजे एकोणीस मार्चआधी, दाटीत पाय घालायचा नाही. तिथं नर हिवाळा काढतात, ते त्यांचं घर. आणि चुकून समोर नर आलाच, तर उभं राहायचं नाही, पळायचं नाही. त्याच्याकडे पाठ करून खाली बसायचं आणि पाव खायचा.

“पाठ का करायची?” रेमिकनं लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं.

“डोळे पुढे असलेलं जनावर त्याच्याकडे बघत बसलं, की त्याला कळतं हे खाणारं आहे. पाठ करून पाव खाणारा लांडगा त्यानं अजून पाहिलेला नाही.”

त्या दिवशी मार्चची दहा तारीख होती.

रात्रीच्या जेवणाला बटाटे आणि ताक होतं, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. रेमिकनं बोग्नाला कानात सांगितलं. बोग्ना कानात ऐकणाऱ्यातली नाही.

“दुकानात? झेनेकसमोर? अरे मग चर्चची घंटा वाजवून सांगायचंस ना, दोन गावं सुटली!”

वालेन्तीनं काटा खाली ठेवला.

“नऊ दिवस,” तो म्हणाला. “जावईबापू, नऊ दिवस तोंडाला कुलूप लावायला काय लागतं? माझा घोडा एकोणीस वर्षं जगला, एकदाही दुकानात काही बोलला नाही.”

“बाबा, मी तुमची बाजू घ्यायला गेलो.”

“माझी घेतलीस. त्याची कोण घेणार?”

“वनरक्षकाला कळवू.”

“त्याच्याकडे तीन खोरी आणि एक जीप. तो येईल, परवा. पंचनामा छान करतो.”

एवढं बोलून म्हातारा झोपायला गेला. सकाळी बस बाहेर काढताना रेमिकनं पाहिलं, तर सासऱ्याची काठी जागेवर नव्हती, आणि गोठ्यातलं दूध काढायची तिपाईही नव्हती.

मुलांना शाळेत सोडून तो देवळीपाशी पोचला. मेरीच्या देवळीपासून वर जाणारी वाट अरुंद आहे, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला ओढा. त्या वाटेच्या मधोमध तिपाई टाकून वालेन्ती बसला होता. मांडीवर घोंगडी, हातात पाव. त्याच्यापुढे झेनेकची फटफटी गुरगुरत होती आणि बारी भुंकत होता.

“काका, हटा ना!”

“हटतो की. गुडघा उठू देत नाही.”

“मी उचलून बाजूला ठेवतो.”

“उचल. कंबर तुझीही काही विशीतली नाही.”

“काका, जंगल सगळ्यांचं आहे.”

“तेच म्हणतो मी. सगळ्यांचं आहे, म्हणून मीही बसलोय. तुलाही बसायचं तर बस, पाव देतो. कुत्र्याला म्हणावं माझ्या अंगावर थुंकी उडवू नकोस.”

अर्धा तास हे चाललं. फटफटीचं पेट्रोल जळत होतं, म्हाताऱ्याचं काहीच जळत नव्हतं. शेवटी झेनेकनं गाडी उलटी फिरवली.

“आज बसाल, उद्या बसाल,” तो म्हणाला. “नऊ दिवस बसाल का? या थंडीत?”

तो गेल्यावर रेमिकनं सासऱ्याला उठवलं. तेव्हा कळलं, की गुडघा उठू देत नाही हे नाटक नव्हतं. गाडीपर्यंतच्या शंभर पावलांना वीस मिनिटं लागली. वाटेत म्हातारा एका शब्दानं कण्हला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. रेमिकला त्याचा राग आला. स्वतःचा तर त्याहून आला.

“उद्या येणार नाही तुम्ही.”

“येणार.”

“मराल.”

“मग झेनेकला दोघांची डोकी हलकी करायला मिळतील.”

दुपारी रेमिक कोठीत लाकडं फोडायला गेला आणि भिंतीपुढे थांबला. ओळीनं खिळे, ओळीनं जोड्या. यंदाचं डावं शिंग एकटंच लटकत होतं, त्याच्या शेजारचा खिळा रिकामा. त्याच्या आधी गेल्या वर्षीची जोडी. रेमिकनं गेल्या वर्षीच्या उजव्या शिंगाकडे पाहिलं आणि त्याच्या सानोकी डोक्यात कल्पना आली. झेनेकला शिंग हवंय. शिंग मिळालं असं गावाला कळलं, तर झेनेक कशासाठी डोंगर चढेल? मोकळ्या डोक्याच्या नराला कोण पळवतं?

एकच अडचण होती. ताज्या गळालेल्या शिंगाच्या बुडाशी ओलं लाल रक्त असतं. वर्षभर कोठीत टांगलेल्याचं बूड हाडासारखं पांढरं. गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. रेमिकनं इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात बोग्नाची बरणी होती, सूप करायला बीट आंबत घातलेली. रक्तासारखं लाल पाणी. त्यानं शिंगाचं बूड त्यात बुडवलं, फिरवलं, पुन्हा बुडवलं. मग शिंगाला ओली माती चोळली, शेवाळ लावलं, टोकांमध्ये दोन स्प्रूसच्या सुया अडकवल्या, आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन दुकानात गेला.

“मिळालं!” त्यानं शिंग काउंटरवर ठेवलं. पावांच्या शेजारी.

रांग गोळा झाली. झेनेकनं शिंग उचललं, हातात तोललं, टोकं मोजली.

“आठ. गेल्या वर्षीही आठच होती.”

“म्हातारा झालाय तो. या वयात कोण नवीन पद्धत काढतं?”

“कुठं मिळालं?”

“दाटीत.”

“आज सकाळी काका वाट अडवून बसले होते, तेव्हा तू आत गेला होतास?” झेनेकचे डोळे बारीक झाले. मग एकदम रुंद झाले. “अरे! म्हणजे मला पुढे अडवलं आणि मागून जावयाला आत सोडलं! योसेफच्या सणाआधी! दाटीत!”

रेमिकनं हा विचारच केला नव्हता.

“वालेन्तीकाकांनी!” झेनेक टाळी देऊन हसला. “ज्यांनी बारा वर्षं आम्हाला कीर्तन ऐकवलं!”

“असं काही…” रेमिक म्हणाला आणि थांबला. नाही म्हणावं तर शिंग खोटं. हो म्हणावं तर सासरा खोटा.

झेनेकनं शिंगाचं बूड नाकाजवळ नेलं. तेवढ्यात गेनोवेफाबाईंनी शिंग झेनेकच्या हातातून ओढून घेतलं.

“पुरे! माझ्या पावावर रक्त सांडतंय. खाटिकखाना आहे का हा? मिळालं ना शिंग? संपलं. झेनेक, तुला काय पाहिजे? काही नको ना? मग दार लाव जाताना, ऊब पळते.”

लोक पांगले. झेनेक हसतच बाहेर गेला, आणि फटफटी डोंगराकडे न जाता घराकडे वळली. गेनोवेफाबाईंनी मग शिंगाचा सावकाश वास घेतला.

“लसूण फार झालाय,” त्या म्हणाल्या. “बोग्नाला सांग, बीट आंबवताना दोन पाकळ्या पुरतात.”

रेमिक काही बोलला नाही. बोलायचं नाही हे त्याला एका दिवसात बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

“मी गप्प बसेन. पण फुकट नाही. ईस्टरला मला दोन किलो ख्शान किसून द्यायचं.”

ख्शान म्हणजे ते मोहरीसारखं झणझणीत पांढरं मूळ. ईस्टरच्या अंड्यांबरोबर त्याचा कीस लागतोच. किसणारा अर्ध्या तासात आंधळा होतो, आणि नाक वाहून वाहून आपलंच आहे की नाही अशी शंका येते. दोन किलो म्हणजे जन्मठेप.

“एक किलो,” रेमिक म्हणाला.

“हाक मारू झेनेकला?”

“दोन.”

घरी पोचला तेव्हा वालेन्ती कोठीच्या दारात उभा होता. त्याच्यामागे भिंतीवर एक खिळा जास्तीचा रिकामा दिसत होता. रेमिकच्या हातातल्या शिंगाकडे, त्यावरच्या शेवाळाकडे, लाल बुडाकडे म्हाताऱ्यानं पाहिलं.

“हे काय आहे?”

रेमिकनं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, योसेफच्या सणाचंही. लपवून उपयोग नव्हता, संध्याकाळपर्यंत कोणीतरी येऊन तेच सांगणार होतं, मीठ लावून. बोग्ना आतून हात पुसत आली, तिनं बरणी पाहिली आणि कपाळ धरलं.

“माझं सूप!”

“सूप!” वालेन्ती ओरडला. तो ओरडला हे इतकं नवीन होतं, की कोंबड्या थांबल्या. “सूपाचं काय घेऊन बसलीस! याला पदरात कुठून पाडून घेतलंस? सानोकमध्ये याच्यापेक्षा बरा नव्हता एकही? काल यानं जनावर विकलं. आज मला विकलं! बारा वर्षं, बारा वर्षं मी त्या दाटीच्या काठावर उभा राहिलोय, आत शिंग दिसत असताना! बर्फावर पडलेलं, हात लांब केला तर मिळेल असं! नाही उचललं. कशासाठी? हा बीट लावून जाईल आणि वालेन्तीनंही तेच केलं असं गाव म्हणेल म्हणून?”

“मी उद्या जाऊन खरं सांगतो,” रेमिक म्हणाला.

“सांग!”

“सांगतो.”

“जा, सांग! आणि परवा झेनेक वर.”

म्हाताऱ्यानं शिंग हिसकावून घेतलं, बादलीत धुतलं, राखेनं घासलं, पुन्हा धुतलं. बिटाचा रंग गेला नाही. फिकट गुलाबी झाला, जत्रेतल्या साखरेच्या खेळण्यासारखा. तसंच त्यानं ते खिळ्यावर टांगलं.

“नाही सांगायचं,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “आता नाही.”

पुढचे आठ दिवस वालेन्ती जावयाशी थेट बोलला नाही. “बोग्ना, तुझ्या नवऱ्याला मीठ दे म्हणावं.” मीठ रेमिकच्याच हातापाशी असायचं. बोग्ना घरात नसली, तर तो चुलीला सांगायचा. पण गावाशी त्याला बोलावं लागायचं. चर्चच्या पायरीवर, दुकानात, टपालवाल्यापाशी, जो तो विचारायचा:

“काय वालेन्तीकाका, योसेफ यंदा लवकर आला म्हणे?”

ज्यांना त्यानं कुत्री नेण्यावरून झापलं होतं, ज्यांच्या पोरांच्या हातातून छोटी शिंगं काढून उंदरांना परत दिली होती, त्या सगळ्यांनी आपापली पाळी साधली. वालेन्ती टोपी जरा खाली ओढायचा आणि म्हणायचा, “आला खरा.” एवढंच. रेमिक शेजारी उभा असला, की त्याला वाटायचं जमिनीनं तोंड उघडावं. त्याच्या स्वतःच्या तोंडापेक्षा ते बरं ठरलं असतं.

डोंगराकडे मात्र फटफटी गेली नाही. वालेन्ती रोज सकाळी खिडकीशी उभा राहून कान द्यायचा. काहीच आवाज आला नाही, की काठी टेकवत चहाकडे जायचा. शाबास म्हणाला नाही. ती अपेक्षा रेमिकनंही सोडली होती.

एकोणीस तारखेला प्रार्थनेनंतर म्हाताऱ्यानं, सणाला चालते म्हणून, पावाला चरबी लावली, दोन तुकडे कागदात बांधले आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा जावयाकडे बघून बोलला.

“माझा गुडघा देवळीपर्यंत. पुढं तू. पळायचं नाही. शिट्टी नाही. गाणं नाही. फोन इथं ठेव.”

“आणि तो समोर आला तर?”

“बारा वेळा सांगितलंय.”

रेमिक दाटीत शिरला. आत बर्फ गुडघ्यापर्यंत होता आणि फांद्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर होत्या. दोन तासांत त्याला चार काटक्या शिंगासारख्या दिसल्या आणि एक शिंग काटकीसारखं दिसलं. ते छोटं निघालं, उंदरांचं. त्यानं ते शिव्या देत तसंच ठेवलं. वळला तर वीस पावलांवर परीट.

डोकं मोकळं होतं. दोन्ही शिंगं नसलेला तो एवढा मोठा नर एखाद्या थकलेल्या खेचरासारखा दिसत होता. बरगड्या मोजता येत होत्या. मागचा डावा पाय जरा उचललेला.

रेमिकचे पाय पळायला निघाले होते. त्यानं त्यांना आवरलं, पाठ फिरवली आणि बर्फात बसला. पँट लगेच ओली झाली. त्यानं पाव काढला. असा पाव त्यानं आयुष्यात खाल्ला नव्हता. घास गिळायचा म्हणजे विचार करून गिळावा लागत होता. मागं फांदी मोडली. मग एक लांब श्वास ऐकू आला, मग बर्फात पावलं, तीन जड आणि एक हलकं, तीन जड आणि एक हलकं. सावकाश. कोणी पळवत नसलेल्या माणसासारखी. आवाज थांबल्यावरही तो पाव संपेपर्यंत बसून राहिला.

खाली येऊन त्यानं सांगितलं तेव्हा वालेन्तीनं एकच विचारलं, “बसलास?”

“बसलो. पँट बघा.”

म्हाताऱ्यानं पँट पाहिली. खात्री पटली असावी.

पण शिंग सापडेना. एकोणीसला नाही, वीसला नाही, एकवीसला नाही. रेमिक बस सोडून यायचा, चढायचा, भिजायचा, रिकाम्या हातानं उतरायचा. देवळीपाशी तिपाईवर बसलेला सासरा शिकवणी घ्यायचा.

“ओढ्याकाठी बघितलंस?”

“बघितलं. सगळा काठ बघितला.”

“कुठला?”

“जिथून तो उडी मारतो तो. खुरांचे ठसे आहेत.”

वालेन्तीनं आकाशाकडे पाहिलं. हेलेना तिकडं असावी, आणि तिच्याकडे तो तक्रार करत असावा.

“अरे, उडी मारताना कशाला पडेल? लंगडा आहे तो, पलीकडं आदळतो. आदळतो तिथं बघ! तीन दिवस हा माणूस निघायच्या स्टेशनावर उतरणाऱ्या पाहुण्याला शोधतोय!”

चौथ्या दिवशी, ओढ्याच्या पलीकडे, उतरायच्या जागेपासून दोन हातांवर, कुजक्या पानांत ते पडलेलं होतं. वाट पाहण्याची किंमत वसूल झाली होती: दोन टोकं उंदरांनी पार कुरतडलेली. रेमिकनं ते उराशी धरून खाली आणलं. वालेन्तीनं हातमोजा काढला, बुडाशी वाळलेल्या रक्तावर अंगठा फिरवला, टोकं मोजली. मग पुन्हा मोजली.

“सहा,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी आठ.”

“उंदरांनी खाल्ली असतील.”

“उंदरांनी टोकं खाल्ली, फाटे नाही. उतरणीला लागलाय तो.” त्यानं शिंग घोंगडीत गुंडाळलं, वरची बाजू आत, वारा लागू नये तशी. “पुढच्या वर्षी चार. किंवा काहीच नाही.”

घरी त्यानं ते रिकाम्या खिळ्यावर टांगलं आणि पेन्सिलीनं वर्ष लिहिलं. शेजारी गुलाबी बुडाचं गेल्या वर्षीचं. रेमिक दारात उभा होता.

“बाबा, हे दुकानात नेऊन दाखवू? हे खरं, ते खोटं. तुमच्यावरचा डाग जाईल. शिंग तर आता मिळालंय, झेनेक काय करणार?”

“या वर्षी काही नाही. पुढच्या मार्चमध्ये? तू पुन्हा काही खरं सांगशील, नाहीतर खोटं सांगशील, कोणी ऐकेल तुझं?” म्हातारा पेन्सिल कानामागे खोचत म्हणाला. “आता त्यांना वाटतंय, वालेन्ती आपल्या आधी आत शिरतो. उठून गेलं तरी हाती काही लागत नाही. वाटू दे.”

“आणि तुमचं नाव?”

“ते तुझ्याकडं राहिलं. परीट गेला, की दुकानात जायचं, भर रांगेत उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. बिटासकट. तोवर तोंडाला कुलूप.” त्यानं गुलाबी शिंग खिळ्यावर सरळ केलं. “घाई नाही.”

ईस्टर झाला. बर्फ गेला. एका शनिवारी रेमिक दुकानात उभा होता, पुढे झेनेक. बाहेर बेंचवर वालेन्ती गुडघा लांब करून उन्हाला बसला होता.

“काय काका!” झेनेकनं उघड्या दारातून हाक मारली. “पुढच्या वर्षी योसेफला कधी बोलावताय? नाताळला?”

रांग हसली. रेमिकचं तोंड उघडलं. गेनोवेफाबाईंचा हात पाव कापायच्या यंत्रावर थांबला. बाहेर म्हाताऱ्यानं मान वळवली नाही, फक्त टोपी जरा खाली ओढली.

“यीस्ट द्या,” रेमिक म्हणाला.

यंत्र पुन्हा सुरू झालं. गेनोवेफाबाईंनी यीस्टची पुडी दिली, आणि काउंटरखालून हातभर लांबीची, मातीनं माखलेली ख्शानची तीन मुळं काढून तिच्या शेजारी ठेवली. ईस्टर होऊन तिसरा आठवडा होता, मुळांना वरून कोंब फुटले होते.

“रविवारी नक्की,” रेमिक म्हणाला.

“कुठल्या?” त्यांनी विचारलं.